हमामातलं शेवटचं पाणी

खरपी गाव मागे पडलं तेव्हा कुठे गंगूबाईनं वाटेत टेकायचं नाव काढलं. तोवर ती चालतच होती. पहाटे अंधारात अचलपूर सोडलं, परतवाड्याच्या छावणीतून बाहेर पडता पडता दिवस उगवला, संत्र्यांच्या बागा संपून तुरीची वावरं लागली, तरी तिचा पाय म्हणून थांबला नव्हता. पौषातला वारा समोरून, डोंगराकडून येत होता. मागून चारुशीला चपला फरफटवत येत होती. मुलींच्या शाळेत रोज कवायत घेणारी बाई, तिशीची, आणि साठी ओलांडलेल्या माळणीच्या मागे धापा टाकत होती.

"बसा चारूबाई," निंबाखाली पदरानं जागा झाडत गंगूबाई म्हणाली. "मी काई थकली नाई. मागून तुमचा भाता ऐकून राहिली मघापासून."

चारुशीला हसली आणि बसली. गंगूबाई मात्र बसताना निंबाच्या खोडाला हात लावून क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, हे तिनं पाहिलं. यंदा मळ्यात दोनदा तिला भोवळ आली होती. दुसऱ्या वेळी विहिरीच्या काठावरच. शेजारच्या वावरातल्या माणसानं लांबूनच हाक मारली, पण जवळ कोणी आलं नाही. शुद्ध आली तेव्हा तीच आपली उठली. त्या दिवसापासून तिनं एकच धोसरा धरला होता. बहिरमच्या जत्रेत माळ्यांची पंचायत बसते, तिथं जायचं आणि हात जोडून म्हणायचं की बापहो, आता मला जातीत घ्या. जेवायला-खायला नको, लग्नकार्याला नको. फक्त मेल्यावर चार बायांनी येऊन आंघोळ घालावी आणि चार माणसांनी उचलून न्यावं, एवढ्यासाठी घ्या.

"खांदा कोनी बी देते," ती म्हणायची. "नाई त् कमेटीची गाडी हाये. पन आंगोळ? बाईमानसाले बाईच लागते ना वं."

चारुशीला तिच्याबरोबर निघाली होती ती यासाठीच. शिकलेली बाई सोबत असली की पंचांना चार शब्द नीट सांगता येतील, असं गंगूबाईला वाटत होतं. चारुशीलेला त्याची फारशी खात्री नव्हती. पण नाही म्हणवलं नाही.

दोघींची गाठ पडली ती फुलांवरून. चारुशीला अमरावतीची, मोरोपंत भिक्षुकांची मुलगी. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत कपाळ पांढरं झालं, तेव्हा वडिलांनी लोकांचे टोमणे सोसून तिला शिकवलं आणि ती नोकरीसाठी अचलपुरात आली. वकील वामनरावांच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. देवपूजेला फुलं हवीत, म्हणून दारावरून जाणाऱ्या माळणीला तिनं हाक मारली. माळीण आधी इकडेतिकडे पाहत उभी राहिली, मग पायरीखालीच टोपली उतरवून फुलं ठेवून गेली. महिनाभर असं चाललं. मग एके दिवशी वामनरावांच्या वच्छलावहिनींनी पाहिलं आणि तिला आत बोलावून सांगितलं की अहो, हिच्या हातची फुलं देवाला वाहता? ही हमामातली गंगू. मानमोडीच्या साथीत सतरा जातींची मढी धुतली हिनं. हिच्या जातीचे लोकही हिच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत.

चारुशीलेनं त्या संध्याकाळी देवापुढे बसून विचार केला. देवानं महिनाभर मुकाट्यानं घेतली ती फुलं. त्याला चालली ती आता आपण परत कशी पाठवायची? दुसऱ्या दिवशी तिनं टोपली पायरीच्या वर ठेवायला सांगितली. वच्छलावहिनींनी आठ दिवस बोलणं टाकलं, मग त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

निंबाखाली भाकरी सोडताना त्या दिवशी हमामाचा विषय निघाला, तो चारुशीलेनंच काढला. पंचांपुढे बोलायचं तर आधी सगळं ठाऊक हवं.

हमाम अचलपुरात कोणाला ठाऊक नाही असं नाही. नदीकडच्या तटाला लागून ती ठेंगणी, घुमटाघुमटांची इमारत आहे. वरच्या घुमटांना चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत आणि त्यातून आत उजेड पडतो तोही चांदण्यांचाच. नवाबीत तिथं बेगमा न्हायच्या. एक थंड दालन, एक कोमट, एक ऊन. फरशीखालून भट्टीची धग फिरायची आणि खापराच्या नळांतून पाणी खेळायचं. गंगूबाईच्या सासरचा मळा हमामाच्या भिंतीलाच लागून. तिच्या आजेसासऱ्याच्या बापाकडे रोज हौदात गुलाब टाकायचं काम होतं, आणि त्याबद्दल हमामाचं सांडपाणी मळ्याला मिळायचं. बेगमांच्या अंगावरचं कोमट पाणी, म्हणून भर थंडीत आमच्या मळ्यात मोगरा फुलायचा, असं सासू सांगे. खरं-खोटं देव जाणे.

मग नवाबी बुडाली. छावणीच्या पलटणीनं हमामात आधी घोड्यांचा कडबा भरला, पुढे खोगिरं भरली, आणि पलटण गेल्यावर वटवाघळं राहायला आली. प्लेगात कमेटीला, म्हणजे नगरपालिकेला, त्या भट्टीची आठवण झाली. आजाऱ्यांचे कपडे, अंथरुणं, गोधड्या तिथं मोठ्या कढईत उकळायच्या आणि मग ज्याच्या त्याला परत द्यायच्या. भट्टीत लाकडं सारायला बाई हवी होती. मळा शेजारी, म्हणून गंगूबाईला लावलं. तिचा नवरा त्याच साथीत गेला. त्याचं धोतर आणि पांघरूण तिनं आपल्याच हातानं त्या कढईत टाकलं आणि काठीनं ढवळलं. पांढरं स्वच्छ निघालं, म्हणाली. घालायला कोणी नव्हतं.

"अन् मंग मानमोडी," भाकरीचा तुकडा हातातच धरून ती बोलत राहिली.

मानमोडीच्या तापाची साथ आली ती दसऱ्याच्या तोंडावर. घरंच्या घरं एकदम आडवी झाली. पाणी द्यायला माणूस उरलं नाही, तिथं मेलेल्याला आंघोळ कोण घालणार? कमेटीची गाडी दारोदार फिरायची आणि प्रेतं हमामात आणून टाकायची. पुरुष कोमट दालनात, बाया ऊन दालनात. साथीच्या भीतीनं अंगावरचे कपडे आधीच जाळलेले असायचे, डागडागिने गाडीवाल्यांनी उतरवलेले असायचे. मुसलमानांच्या बायांना न्हाऊ घालणारी एक म्हातारी होती, तिला नेमलं, हिंदूंच्या बायांसाठी गंगूबाईला. तिसऱ्याच दिवशी ती म्हातारी स्वतःच फरशीवर आली. गंगूबाईनंच तिला न्हाऊ घातलं. तिथून पुढे सगळ्याच बाया हिच्या वाट्याला आल्या.

"मेलेल्या बाया सगळ्या सारख्याच दिसते," ती म्हणाली. "मंग मी गोंदन पाहो. कपाळावर गोंदलं असलं, हातावर तुळस असली, त् ते नदीवर. गोंदन नसलं त् कबरस्तानात. दुसरं काई निशान राह्यलंच नोतं. शेवटी शेवटी लाकूडफाटा सगळा नदीवरच जाए. भट्टी विझली. मंग थंड्या पान्यानंच."

एवढं बोलून तिनं भाकरी गुंडाळून ठेवली.

चारुशीलेला वाटलं, याचसाठी हिला वाळीत टाकलं, सतरा जातींच्या मढ्यांना हात लावला म्हणून. तिनं मनातल्या मनात पंचांपुढचं बोलणं जुळवायला घेतलं. आपद्धर्म म्हणून काही असतं, वडील सांगत, ते काढायचं ठरवलं.

पुन्हा चालायला लागल्यावर गंगूबाईनं विचारलं की तुमचे बाबा भिक्षुकी करतात, तर मेल्यावरचे विधी माणसाला आधी करून घेता येतात का. चारुशीलेनं सांगितलं की संन्यास घेणारा घेतो. जिवंतपणीच स्वतःचं श्राद्ध घालतो, स्वतःचे पिंड देतो. बाबांनी अमरावतीला एका गृहस्थाचं केलं होतं, तिनं लहानपणी पाहिलं होतं.

"अन् त्याले कोनी नोको म्हटलं नाई?"

"शास्त्रात आहे, मावशी. कोण नको म्हणणार?"

"म्हंजे चालते."

"चालतं."

गंगूबाई भराभर पुढे चालू लागली. समोर बहिरमची टेकडी दिसू लागली होती.

जत्रा भरात होती. वांग्याची भाजी, रोडगे, आणि मातीच्या हंड्यांतून शिजणाऱ्या मटणाचा वास टेकडीच्या पायथ्याशी साचून राहिला होता. दोघींनी वर जाऊन दर्शन घेतलं. शेंदूर आणि लोण्याचे थर चढून चढून देवाचं मूळ रूप कोणालाच सांगता येणार नाही, असा तो भला थोरला पाषाण. चारुशीलेनं डोळे मिटून एकच मागितलं, पंचांनी हो म्हणावं. गंगूबाईनं काय मागितलं कोण जाणे. ती बाजूला उभी राहून हात जोडून नुसती पाहत होती. देवाला शिवली नाही.

पंचायत खाली चिंचेखाली बसली होती. मोठं जाजम अंथरलं होतं. गंगूबाई जाजमाच्या काठापासून हातभर लांब, मातीत बसली. पलीकडे जातीच्या बाया रोडगे भाजत होत्या, त्यांचे हात थांबले. एकीनं दुसरीला काहीतरी म्हटलं, दुसरी तोंडाला पदर लावून हसली.

पंचांचा मुख्य खुशालराव. परतवाड्याच्या वाटेवर त्याची संत्र्याची बाग. ओरडून बोलणारा माणूस नव्हता तो. चारुशीलेनं आपद्धर्माचं जे जुळवलं होतं ते बोलून दाखवलं, त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, तुमी मनता ते खरं हाये," तो म्हणाला. "मढ्याले हात लावला म्हनून कोनी इले टाकलं नाई. प्लेगात बी इनं मुसलमानाचे कपडे उकळले, तवा कोनी काई बोललं का? तुमाले इनं माणिकचं सांगितलं नाई वाटते."

चारुशीलेनं गंगूबाईकडे पाहिलं. गंगूबाई मातीत बोटानं रेघा ओढत होती.

मग खुशालरावानं सांगितलं. माणिक त्याची थोरली लेक. मानमोडीच्या साली तिचं लग्न झालेलं, पण सासरी जायची होती. पोर सुईला फार भ्यायची. लग्नाआधी गोंदायला बसवली तर हात हिसकून पळाली आणि दिवसभर मळ्यात लपून राहिली. माय म्हणाली, राहू द्या, पौषात बहिरमच्या जत्रेत गोंदणाऱ्या येतात, तिथं गोंदवून मग सासरी पाठवू. पौष यायच्या आधी मानमोडी आली. घरात सगळेच तापानं फणफणलेले. पोरीला गाडी केव्हा घेऊन गेली हेही कोणाला उमगलं नाही. खुशालराव उठून बसला तो नदीवर गेला, राख तरी मिळावी म्हणून. तिथला माणूस म्हणाला, अशी पोर इकडे आलीच नाही. तिथून तो हमामात आला. पोरीच्या टाचेवर चुलीच्या निखाऱ्याचा जुना डाग होता, तो सांगितला. गंगूबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, दादा, टाचेवर डाग होता. गोंदण नव्हतं. मी ती कबरस्तानात पाठवली.

"खोटं बोलता येत होतं इले," खुशालराव म्हणाला. "कोन पाह्याले गेलं होतं? गेली नदीवर, मनली असती, त् मी मुठभर राख कोनाची बी उचलली असती अन् नर्मदेले नेऊन टाकली असती. पन इनं सांगितलं."

रोडग्यांचा धूर जाजमावरून गेला.

मग त्यानं पंचांकडे एकदा पाहिलं आणि गंगूबाईशी बोलला. आवाज खाली आला होता.

"गंगू, पोरीची माय खाटेवर हाये. आज नाई उद्या. तिच्या मनातून ते जात नाई, माही पोर मातीत एकटी पडली, तिले गती नाई. तुले पदरात घ्याले कोनाची ना नाई. जातीचं जेवन मी घालतो. तू वर चाल, बहिरमबुवाले हात लाव अन् सर्वांपुढं सांग, की माह्या ध्यानात गफलत झाली, माणिक नदीवरच गेली. जळली. बस, एवढंच. तुह्या शेवटाले माह्या घरच्या सुना येतीन. माहा शब्द हाये."

चारुशीलेला खरं वाटेना. इतक्या स्वस्तात? ती गंगूबाईच्या कानाशी वाकली आणि पुटपुटली, "म्हणून टाका ना, मावशी. त्या माऊलीलाही बरं वाटेल." आणि म्हणताना तिला जाणवलं की ज्या देवाची शपथ खायची त्याला आपण मघाशीच नमस्कार करून आलो.

गंगूबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शाळेतल्या मुलीनं साधी बेरीज चुकवावी आणि आपण पुढचं काही न बोलता पाटी पुसावी, तसं तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"दादा," ती खुशालरावाला म्हणाली, "मी दर आठवड्याले, बेस्तरवारी, त्या पोट्टीच्या कबरीवर फूल ठेवतो. कबरस्तानातला बुढा मले अडवत नाई. तुमी सांगता तसं मी देवाले हात लावून मनलं, त् ते तिथी नाई असं होते. मंग येत्या बेस्तरवारी म्या फूल कोनाले ठेवावं?"

"नोको ठेवू."

"मी नाई ठेवलं त् कोन ठेवीन? तिले तिथी वळखते कोन दुसरं?" ती थांबली. "वहिनीले बैलबंडीत घालून आना. मी जागा दाखवतो. रडू द्या तिले तिथी, पोटभर रडू द्या. तिचं मन तसंच हलकं होईन."

खुशालरावाचा चेहरा आवळला. "माळ्याची बाई कबरस्तानात रडाले जाईन?"

"पोर गेली ना दादा," गंगूबाई म्हणाली.

खुशालराव उठला. त्याच्यामागे बाकीचे उठले, आणि दोघांनी जाजमाची टोकं धरून ते झटकलं. जाजम झटकलं की त्या बोलण्यावर पुन्हा बसायचं नाही, हा रिवाज चारुशीलेला ठाऊक नव्हता; ती तशीच उभी राहिली, अजून कोणी काही विचारेल म्हणून. धूळ गंगूबाईच्या अंगावर आली. तिनं पदर झटकला नाही.

रात्र दोघींनी जत्रेतच एका झाडाखाली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गंगूबाई गोंदणाऱ्या बायांपाशी रेंगाळली. एका पोरीला दोघींनी धरून बसवलं होतं, तिसरी कपाळावर सुया टोचत होती आणि पोर आई आई करून किंचाळत होती. बघ्या बाया हसत होत्या. गंगूबाई शेवटची टिकली होईपर्यंत तिथं उभी होती. पोर सुटली, डोळे पुसत पळाली, तेव्हाच ती हलली.

पुढे कुंभारांची दुकानं लागली. तिथं तिनं एक मडकं पसंत केलं. आधी दोन-तीन बोटांच्या गाठींनी वाजवून बाजूला ठेवली, एकाचा नाद मनासारखा निघाला तेव्हा ते घेतलं. चारुशीला म्हणाली, अचलपुरात काय मडकी मिळत नाहीत, एवढ्या लांबून डोक्यावर कशाला वाहता. उन्हाळ्याला पाण्यासाठी असेल, असं तिचं तिनंच ठरवलं. गंगूबाई म्हणाली, देवाच्या दारातलं आहे.

परतीच्या वाटेवर चारुशीलेचं मन तिलाच खात होतं. कालचं ते पुटपुटणं परत घेता येत नव्हतं आणि त्याबद्दल बोलायला शब्दही सापडत नव्हता. तिनं एकदाच विचारलं की त्या दिवशी खुशालरावाला खरं का सांगितलं, कोणीच पाहिलं नव्हतं तर. गंगूबाई डोक्यावरचं मडकं सावरत म्हणाली की टाचेचा डाग मीच तर धुतला होता. बाप विचारत होता, आणि पोर अजून माझ्या हातांना लागत होती. खोटं सुचलंच नाही. सुचलं असतं तर बोलले असते की नाही, आज काय सांगू.

छावणीजवळ येताना तिला पुन्हा भोवळ आली. मडकं आधी खाली ठेवलं, मग ती बसली. चारुशीलेनं तिला धरलं. तिच्या दंडाला माणसाचा हात लागला तसं तिचं अंग आधी आखडलं आणि मग सैल झालं. बरीच वर्षं त्या दंडाला कोणी धरलं नसावं.

दुपार कलली तेव्हा त्या हमामापाशी पोचल्या. मळ्यात जायची वाट त्याच्या भिंतीलगतूनच होती. मानमोडीनंतर एका व्यापाऱ्यानं तिथं सरकी भरली होती, तिच्या तेलाचा वास अजून चुन्यात होता. जंगल सत्याग्रहात धरलेल्या माणसांना जागा पुरेना तेव्हा काहींना दोन राती तिथं कोंडलं. त्यातल्या कोणीतरी कोळशानं भिंतीवर अभंगाची ओळ लिहिली होती, ती अर्धी पुसली होती. आता कमेटीचे मोडके कंदिलाचे खांब आणि डांबराची पिंपं पडली होती. दारं केव्हाच गेली होती. येत्या उन्हाळ्यात हमाम पाडून त्याचा दगड सडकेला टाकायचा, असा ठराव झाल्याचं वामनरावांच्या घरी चारुशीलेनं ऐकलं होतं. तिनं ते गंगूबाईला सांगितलं नव्हतं. गंगूबाईला ते आधीच ठाऊक होतं, हे तिला आता कळलं.

कारण गंगूबाई मळ्याकडे वळली नाही. ती सरळ आत शिरली, ऊन दालनात. फरशीवर घुमटातून चांदण्या पडल्या होत्या, उन्हाबरोबर सरकत भिंतीकडे निघालेल्या. मधली जागा कोणीतरी झाडून काढलेली होती. भट्टीच्या तोंडापाशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची एक मोठी मोळी रचलेली होती, नीट, सारख्या तोडलेल्या. बाजूला तीन विटा, घागर, आणि घडी घातलेलं धुतलेलं लुगडं. जत्रेला निघायच्या आधीच हिनं हे आणून ठेवलं असणार. लुगड्यावर तुळशीची डहाळी होती, ती सुकून गेली होती.

गंगूबाईनं डोक्यावरचं मडकं उतरवलं आणि विटांवर ठेवून पाहिलं, डुगडुगतं का. नाही डुगडुगलं. मग ती चारुशीलेकडे वळली.

चारुशीलेला सगळं एकदम समजलं. कोरं मडकं. घराबाहेरची चूल. असं पाणी कोणासाठी तापवतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्यासाठी तापवलेलं तिनं दाराआडून पाहिलं होतं. जिवंत माणसासाठी असं पाणी तापवायचं म्हणजे मरणाला हाका मारून घरी बोलवायचं. आणि कोणी पाहिलं तर? शाळा, वामनरावांची खोली, बाबांचं नाव. ती काही बोलायच्या आत गंगूबाई बोलली, एखाद्या गिऱ्हाइकाला फुलांचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात.

"कालच पुसून घेतलं तुमाले. संन्यासी जित्तेपनीच सगळं करून घेते, चालते, तुमी मनल्या. मी काई संन्यासी नाई. पन मले बी मागं कोनी नाई."

"मावशी," चारुशीला म्हणाली, "मी येईन ना. तुमची वेळ आली की मी येईन. माझा शब्द आहे."

"तुमाले येऊ देनार नाईत. वामनराव नाई येऊ देनार, तुमचे बाबा इथी असते त् ते बी नाई. अन् तुमी आल्या तरी मले कसं समजीन?" तिनं पऱ्हाट्यांची मोळी सोडली. "मी लय बायांले घातली इथी, चारूबाई. मेलेलं मानूस जड होते, पन तरास देत नाई. मी बी देनार नाई. हलनार नाई, बोलनार नाई. तोंड दक्षिनेकडं करून पडतो त्या फरशीवर. हे हमाम उभं हाये तवरच होईन, मंग कुठी?"

तिनं फुंकून विस्तव धरवला. पऱ्हाट्या कोरड्या होत्या, लगेच पेटल्या. धूर भट्टीच्या तोंडात ओढला गेला, आणि फरशीखालून इतक्या वर्षांनी काहीतरी सळसळलं, वटवाघळं असतील.

"तुमी घाला मले आंगोळ," गंगूबाई म्हणाली. "आजच घाला. अन् पानी ऊन होऊ द्या चांगलं, घाई नोका करू. त्या पोट्टीले थंडंच पडलं होतं."